हाडातील धातू आणि पेशींची साक्ष

श्रीरामपूर परिसरात उसाच्या हंगामात रस्त्यावर अपघात झाला, की दुसऱ्या दिवशी पारावर एकच वाक्य ऐकू येते : ‘पायात रॉड टाकला.’ हा रॉड पुढे कित्येक वर्षे, पुष्कळदा जन्मभर, देहात राहतो. त्याची किंमत नातेवाइकांना तोंडपाठ असते. परंतु हाडाभोवतीच्या जिवंत पेशींशी तो धातू कसा वागतो, हे क्वचितच कोणी विचारते.

प्रयोगशाळेत हा प्रश्न प्रथम पेशींनाच विचारला जातो. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र नाना प्रकारच्या पेशींचे वाण जतन करून देशभरातील संशोधकांना पुरवते. या परीक्षेत बहुधा वापरला जाणारा ‘एल-९२९’ हा वाण उंदराच्या ऊतीतून आलेला असून १९४८ मध्ये एकाच पेशीपासून वाढवला गेला. प्राण्यांवरील प्रयोगांआधीच घातक पदार्थ येथे गळतात, हा मोठाच लाभ. तथापि पेशींच्या पोषणद्रवात बहुधा वासराच्या गर्भाच्या रक्तातील द्रव घालतात, हेही नोंदवले पाहिजे.

धातूचा तुकडा पोषणद्रवात ३७ अंश सेल्सिअसला साधारणतः २४ तास ठेवतात. त्यातून जे काही द्रवात उतरेल, ते पेशींना मिळते. दुसऱ्या दिवशी एमटीटी हे पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करते. मेलेली करत नाही. निर्धोक पेशींचा जांभळेपणा १०० मानला आणि नमुन्याचा ७० च्या खाली गेला, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो पदार्थ पेशींना विषारी ठरू शकतो. सोबत एक ज्ञात विषारी पदार्थही तपासतात. त्यानेही पेशी मेल्या नाहीत, तर प्रयोगच चुकला असे समजावे.

टायटॅनियमच्या प्रचलित मिश्रधातूत सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असते. सुटे व्हॅनेडियम पेशींना मारक आहे. मिश्रधातूवरील ऑक्साइडचा पातळ थर त्याला अडवून धरतो. तरीही शंका नको म्हणून व्हॅनेडियमच्या जागी नायोबियम घातलेला मिश्रधातू पुढे आला. मॅग्नेशियमची तऱ्हा निराळी. शरीरात हळूहळू विरघळणारा हा धातू पेशींच्या मदतीवाचून स्वतःच एमटीटीचा रंग पालटू शकतो. मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात! अशा वेळी दुसऱ्या पद्धतीने पडताळा घ्यावाच लागतो.

परीक्षेची खरी मर्यादा मात्र याहून मोठी आहे. एका दिवसात स्थिर तुकड्यातून जे झिरपते, तेवढेच ती मोजते. खुब्याचा कृत्रिम सांधा रोज हजारो वेळा घासला जातो. धातूवर धातू घासणारे कोबाल्ट-क्रोमियमचे एक प्रकारचे सांधे २०१० मध्ये जगभरातून परत मागवावे लागले. झिजेतून निघालेल्या कणांनी भोवतालच्या ऊती बिघडल्या होत्या आणि रक्तातील कोबाल्ट वाढले होते. भारतातही असे सांधे बसवलेले रुग्ण होते. कोणाच्या शरीरात कोणता सांधा आहे, हे कळण्यासाठी अशा वेळी वेष्टनावरील चिठ्ठी उपयोगी पडते. तिच्यावर उत्पादकाचे नाव व लॉट क्रमांक छापलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर ती मागून घ्यावी आणि घरच्या फाइलीत, एक्स-रेसोबत ठेवावी.