इंग्रजीच्या तासातील चुका

"मी आंबा खातो" हे इंग्रजीत सांगताना खेड्यातील मूल पुष्कळदा "आय मँगो ईट" असे म्हणते. शिक्षकाने दरडावताच वर्ग हसतो, आणि ते मूल पुन्हा तोंड उघडीत नाही. वस्तुतः ही चूक आळसातून आलेली नसते. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी येते, इंग्रजीत नंतर. मुलाने मातृभाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो.

चुकीचा दुसरा प्रकार निराळा आहे. "एट" या भूतकाळी रूपाऐवजी मूल "ईटेड" म्हणते. हे रूप त्याला कोणी शिकविलेले नसते. "वॉक"चे "वॉक्ड" होते, हे पाहून त्याने नियम स्वतःच शोधलेला असतो. अपवाद तेवढा कळावयाचा असतो.

भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली असा विचार मांडला की, घाईत घडलेली चूक विद्यार्थी स्वतः सुधारू शकतो. परंतु वारंवार, एकाच रीतीने होणारी चूक त्याचे शिक्षण कोठवर आले आहे हे दाखविते.

म्हणून शिक्षकाने प्रथम मुलाचा आशय स्वीकारावा व "येस, यू ईट अ मँगो" असे शुद्ध वाक्य सहजपणे म्हणावे. नंतर पेरू, केळे, भाकरी घेऊन तीच रचना साऱ्या वर्गाकडून म्हणवून घ्यावी. वारंवार आढळणाऱ्या चुका वहीत टिपून ठेवाव्यात. पुढील आठवड्याचा पाठ त्यांवरूनच ठरविता येतो. न भिता बोलणाऱ्या मुलाची चूक सुधारता येते. गप्प बसलेल्या मुलाची चूक शिक्षकाला कळतच नाही.