गॅरेजचा हिशोब आणि आपला हिशोब

सातारा, रविवार

चि. सोनूस,


अपघातातून तुम्ही दोघं धड बाहेर पडलात हे ताईकडून कळलं, तेव्हाच जिवाला स्वस्थता आली. आता उरलाय तो पैशाचा प्रश्न, आणि त्यावर घाई न करता बोलता येईल. तू पाठवलेले फोटो, एस्टिमेट आणि पॉलिसीची प्रत मी नीट पाहिली. जावईबापू म्हणतात दुरुस्त करू, तू म्हणतेस नवीनच घेऊ, आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणतो, ‘मॅडम, टोटल लॉसमध्ये बसवून देतो.’ तिघांपैकी त्या माणसाचं सर्वांत आधी विसर.

टोटल लॉस म्हणजे काय ते समजून घे. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून जो आकडा छापलेला असतो, ती विमा कंपनीने मान्य केलेली गाडीची किंमत. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांच्या पुढे गेला की कंपनी गाडी दुरुस्त करत नाही, तिची किंमत देऊन मोकळी होते. तुझी आयडीव्ही ३,२०,००० आहे, म्हणजे रेषा २,४०,००० वर येते. एस्टिमेट आहे २,००,००० चं. वरचे चाळीस हजार ‘बसवणं’ म्हणजे न मोडलेले पार्ट मोडलेले दाखवणं. नुकसान मोजायला येणारा सर्व्हेअर आंधळा नसतो, आणि क्लेम फॉर्मवर सही तुझी असते.

पण ती ७५ टक्क्यांची रेषा विम्याच्या नियमांत ठरलेली आहे. तिचा तुझ्या फायद्यातोट्याशी संबंध नाही. उलट मालकाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते रेषेच्या किंचित अलीकडे. कसं ते बघ.

तुझी गाडी सात वर्षांची आणि पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे घसारामाफी, नाही. अशा वेळी नव्या पार्टच्या किमतीतून घसारा कापतात. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या पार्टवर ४० टक्के. प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के. काचेवर कपात नाही, मजुरीवरही नाही. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. तुझ्या एस्टिमेटमध्ये, कर बाजूला ठेवला तर, धातू ७०,०००, प्लास्टिक आणि एअरबॅग ८०,०००, काच १०,०००, मजुरी २०,००० आणि रंग २०,००० आहे. कपात झाली २८,००० अधिक ४०,००० अधिक २,५००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये मालकाने सोसायचेच असतात. म्हणजे ७१,५०० तुझ्या खिशातून. एस्टिमेट वाढत २,३५,००० वर गेलं तर तुझा वाटाही वाढून ऐंशी हजारांच्या पुढे जाईल. तेच २,४५,००० झालं तर कंपनी तुला ३,१९,००० देऊन गाडी उचलेल. दहा हजारांच्या फरकाने सगळं चित्र पालटतं. म्हणूनच लोकांना बसवून घ्यायचा मोह होतो.

याखेरीज नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तुझा ५० टक्क्यांवर पोचलाय. क्लेम घेतलास की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं चढत सहाव्या वेळी पुन्हा ५०. दरवर्षीची तूट मिळवली तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, सव्वा वर्षाच्या मूळ हप्त्याइतकी होते. तुझा मूळ हप्ता ८,००० धरला तर १०,००० गेले. हा आकडा कुठल्याच एस्टिमेटवर लिहिलेला नसतो. आणि लक्षात ठेव, बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. क्लेम न घेता गाडी विकलीस तर कंपनीकडून तसं पत्र घेऊन तो नव्या गाडीवर लावता येतो.

आता बेरीज मांड. दुरुस्तीला तुझे सुमारे ८१,५०० जाणार. जशी आहे तशी गाडी कुणी १,१०,००० ला मागतोय असं तू म्हणालीस. दुरुस्त करून विकलीस तर अपघाताची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आणि क्लेममध्ये राहते. घेणारा दोन लाखांच्या वर जाणार नाही. खर्च वजा जाता हाती येतात १,१८,५००. साडेआठ हजारांसाठी महिनाभर रिक्षाने हिंडायचं आणि गॅरेजच्या फेऱ्या मारायच्या, हा काही व्यवहार नव्हे. दुरुस्ती परवडते ती पुढे चार-पाच वर्षं गाडी चालवणाऱ्याला. कारण हिच्या तोडीची दुसरी गाडी घ्यायची तर १,१०,००० च्या वर आणखी दोन लाख घालावे लागतील. कोरी घेतलीस तर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे. सात लाखांवर ७७,००० नुसते करात, आणि ते पैसे विकताना कुणी परत देत नाही.

हा सगळा हिशोब एका गोष्टीवर उभा आहे: गाडीचा सांगाडा शाबूत आहे का? बंपर, बॉनेट, फेंडर, रेडिएटर यांना मी नुकसान मानतच नाही, ते बोल्टावरचे पार्ट. फोटोत डावं पुढचं चाक मागे सरकलेलं दिसतंय, त्याची मला काळजी आहे. चाकाला धरणारा लोअर आर्म वाकला असेल तर बदलता येतो. बॉनेटखालचा ॲप्रन आणि लाँग मेंबर या तुळईचं टोक चेपलं असेल तर चांगल्या वर्कशॉपमध्ये सांगाडा सरळ करायच्या बेंचवर ओढून, मोजून जागेवर आणतात. पण काचेशेजारचा खांब किंवा पायाखालचा पत्रा सरकला असेल, तर सोनू, ती गाडी घरात ठेवू नकोस. त्या भागाचं पोलाद मुद्दाम जास्त ताकदीचं घडवलेलं असतं. गॅसवर तापवून सरळ केलं की ती ताकद जाते, आणि वरून रंग मात्र झकास दिसतो. डावं दार उघडून बंद करून बघ. घासतंय का, कडेची फट वर-खाली सारखी आहे का, एवढं तुलाही कळेल.

एअरबॅग उघडल्या आहेत, तेव्हा त्यांच्याबरोबर कंट्रोल युनिट आणि सीट बेल्टचे प्रिटेन्शनर एस्टिमेटमध्ये आहेत का ते तपास. तुझ्या यादीत मला बेल्ट दिसले नाहीत. एकदा उडालेला प्रिटेन्शनर पुन्हा काम करत नाही. भंगारातली एअरबॅग कुणी फुकट दिली तरी नको. काही महाभाग डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवतात. चावी फिरवल्यावर तो स्वतंत्रपणे पेटून काही सेकंदांनी विझला पाहिजे.

आम्हा सर्व्हेअरांच्या पेशातलीही एक गोष्ट सांगतो. सर्व्हेअर कधीकधी ‘बदला’च्या जागी ‘दुरुस्त करा’ लिहितो, म्हणजे बिल आटोक्यात राहतं. फेंडरला ते चालतं. सस्पेन्शनच्या आणि स्टिअरिंगच्या पार्टला चालवून घेऊ नकोस. लेखी हरकत दे.

पुराच्या गाडीला मात्र वेगळा न्याय. चिपळूणला २०२१ च्या जुलैत पूर आला, तेव्हा गाड्यांचा पत्रा चकचकीत आणि आतलं वायरिंग कुजलेलं. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर टोटल लॉस हा उपकारच. तुझं तसं नाही.

विकायचं ठरलंच तर नुसत्या विक्रीच्या कागदावर गाडी देऊ नकोस. आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तूच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलंय. टोटल लॉस झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कारण ठोकलेल्या गाड्यांचे कागद चोरीच्या गाड्यांना चिकटवणाऱ्या टोळ्या असतात. आणि कर्ज फिटलं म्हणतेस, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलास का?

ही गाडी दाजींनी घेतलेली, म्हणून ताईचा जीव तिच्यात अडकलाय. त्याला मी हसणार नाही. सांगाडा शाबूत निघाला तर तिचंही ऐक. माझं मत विचारशील तर खांब आणि तळ सरळ असतील तर दुरुस्त करून तुम्हीच वापरा, नसतील तर मोह सोडून द्या. उद्या सर्व्हिस सेंटरला जा, गाडी खोलून बेंचवर मोजायला सांग, आणि मोजमापाचा कागद हातात पडेपर्यंत कशावरही सही करू नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
मामा