मनोविकार आणि आपला समाज

मनोविकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर 'वेडा' उभा राहतो. वास्तविक हे अनेक आजार आहेत. नैराश्य व चिंताविकार यांनी ग्रासलेला माणूस आपल्या शेजारी बसून नोकरी करीत असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभर प्रौढांमागे सुमारे दहा जणांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला. त्यांतील बहुतेकांवर उपचार चालू नव्हते.

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा तुलनेने विरळा पण गंभीर आजार. रुग्णाला कोणीही बोलत नसता आवाज ऐकू येतात, घरच्यांचाच संशय येतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. मग अंगारा, गंडादोरा, मांत्रिक! यात उपचाराची मोलाची वर्षे जातात. १९५२ साली क्लोरप्रोमॅझिनचा मनोविकारांवर वापर सुरू झाला, तेव्हापासून या आजारावर औषधे आहेत.

औषध सुरू झाले तरी अडचण संपत नाही, हे विद्यार्थी मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावे. मुलगी चार महिन्यांत सावरते. आवाज थांबतात, झोप लागते. लगेच घरात कुजबुज होते, "आता गोळ्या कशाला? स्थळ आले तर काय सांगायचे?" गोळ्या बंद होतात, लग्न उरकले जाते आणि आजार उलटतो. दोष मात्र मुलीच्या माथी. औषध केव्हा कमी करायचे हे डॉक्टरांनी ठरवावे, सोयरिकीने नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खाजगी मनोरुग्णगृहाला आग लागून २८ जण मृत्युमुखी पडले. साखळदंडांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. आज मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णास साखळीने बांधण्यास बंदी आहे. केवळ घर नाही किंवा घरच्यांनी नाकारले, एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही, असेही हा कायदा सांगतो. तरीही बरी होऊन वर्षानुवर्षे तेथेच राहिलेली माणसे आहेत. त्यांच्या खाटेजवळ साखळी नाही. न्यायला कोणी येत नाही, इतकेच.

ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. फोन विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. रुग्णाच्या आईवडिलांनीही तो करावा.