हरकत लिहायला बसलो तेव्हा

माजलगाव तालुक्यात, दिंद्रुडपासून जवळच आमचं गाव आहे. तीन वर्षांपूर्वी गावाला लागून असलेल्या कापसाच्या रानात चुन्याच्या रेघा पडल्या आणि बांधावर प्लॉट विक्रीचा बोर्ड लागला. गावातली पहिली हरकत मी लिहिली. तेव्हापासून जे शिकलो ते असं.

१. हरकत माणसांवर घेऊ नये. माझ्या पहिल्या अर्जात ‘बाहेरची माणसं येतील, गावाचं वळण बिघडेल’ असं वाक्य होतं. ग्रामसभेत तो अर्ज वाचून झाला आणि मागून एक बाई उठल्या. त्या आमच्याच वस्तीतल्या, नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या. म्हणाल्या, “भाऊ, एका खोलीत आमच्या तीन चुली हायेत. पोटाला चिमटा घेऊन गुंठा घेतला. आता आमी कुठं जावं?” मला उत्तर देता आलं नाही. बाहेरची म्हणून ज्यांना मी अडवत होतो, त्यांतली निम्मी आमच्याच गावठाणात गुदमरलेली माणसं होती. घरी येऊन तो अर्ज फाडला.

२. दुसरा अर्ज पाण्यावर लिहिला, आणि पाण्याचा अर्ज मोजूनच लिहावा लागतो. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. पाच माणसांचं घर धरलं तर 275 लिटर, आणि 80 घरं झाली की रोजचे 22,000 लिटर. म्हणजे दहा-बारा हजार लिटरचे दोन टँकर, रोज. सिंदफणेवरचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, पण धरण जवळ असलं म्हणून हापशाला पाणी येत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. आम्ही चौघांनी दोरीला दगड बांधून मार्चभर रोज गावची विहीर मोजली आणि ती वही अर्जाला जोडली. त्या वहीवर मात्र कुणी वाद घातला नाही.

३. कायदा नीट विचारून घ्यावा. ‘एनए नाही, म्हणून बेकायदा’ असं मी ठासून लिहिलं होतं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला राहण्यासाठी वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही, रूपांतरण कर भरावा लागतो, हा तेव्हाचा नियम एका निवृत्त तलाठ्यानं समजावला. रेघांचा बराच भाग त्या हद्दीतच होता. मग मुद्दा बदलला: मंजूर रेखांकन कुठं आहे, रस्ता किती रुंद, मोकळी जागा कुठं सोडली? घेणाऱ्यांनाही हेच सांगत फिरलो, की नुसत्या बाँडवर पैसे देऊ नका. 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा आला की सातबाऱ्यावर नाव लागत नाही, आणि पैसे तर गेलेले असतात.

४. हा विषय दिवाळीनंतर ग्रामसभेत घेऊ नये. साखर कारखाने सुरू झाले की आमचं निम्मं गाव कोयता घेऊन बाहेर असतं. ज्यांना घर हवंय तेच नसताना झालेला ठराव मला गावाचा वाटत नाही, मग तो माझ्या बाजूनं का असेना. म्हणून माणसं परत येईपर्यंत, 1 मेच्या ग्रामसभेपर्यंत, आम्ही थांबलो.

५. सांडपाण्याचं आधीच ठरवावं. आमच्याकडं ते राहिलं, आणि नव्या गल्लीचं पाणी आता शाळेच्या वाटेवर साचतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारी घालवल्या. घराचा पाया खणतानाच तो खड्डा खणला असता तर फार खर्चही आला नसता.

प्लॉट विकणाऱ्यानं बोअर आणि टाकी देतो असं सभेत कबूल केलं. बोअर झाला, टाकीचे खांब उभे आहेत. त्या बाईंचं घर पत्र्यापर्यंत आलंय. पाणी त्या अजून जुन्या वस्तीतल्या हापशावरून आणतात. विहीर आम्ही अजून मोजतो. गेल्या मे महिन्यात दोरी कोरडीच वर आली.