जर आणि तर

मुलांनो, ‘जर पाऊस पडला, तर मी छत्री नेईन’ असे तुम्ही सहज बोलता. उर्दूत आपण ‘अगर... तो’ म्हणतो, मराठीत ‘जर... तर’. संगणकही याच जर-तरच्या आधारे पत्रे पाठवतो. कसे, ते आज पाहू या.

संगणकावरून पाठवलेल्या पत्राला ई-मेल म्हणतात. १९७१ मध्ये अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर असे पत्र पाठवले. पत्त्यातील ‘@’ हे चिन्हही त्यांनीच निवडले.

हजारो पत्रे पाठवायची असली, की ते काम सर्व्हर नावाच्या संगणकावर सोपवतात. सर्व्हरला आज्ञा लिहून द्याव्या लागतात. त्यासाठी पीएचपी नावाची एक भाषा आहे. रास्मस लेर्डॉर्फ यांनी ती १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

समजा, परीक्षेचा निकाल कळवायचा आहे. आपण सर्व्हरला सांगतो, ‘जर निकाल उत्तीर्ण असेल, तर अभिनंदनाचे पत्र पाठव, नाहीतर फेरपरीक्षेची तारीख कळव.’ सर्व्हर प्रत्येकाचा निकाल पाहतो, अट पडताळतो आणि योग्य ते पत्र धाडतो.

आता नीट लक्ष द्या. पीएचपीत ‘=’ म्हणजे ‘ही किंमत ठेव’ आणि ‘==’ म्हणजे ‘दोन्ही सारखे आहेत का, ते पाहा’. अट लिहिताना घाईत एकच चिन्ह लिहिले तर? सर्व्हर निकाल तपासणारच नाही. प्रत्येकाच्या निकालाच्या जागी तो ‘उत्तीर्ण’ हा शब्द ठेवील आणि अट पूर्ण झाली असे मानील. मग सर्वांनाच अभिनंदनाचे पत्र जाईल! नापास झालेली मुलगी आनंदाने पेढे वाटेल. फेरपरीक्षेची तारीख तिला कळणारच नाही. तिचे वर्ष वाया जाईल.

यात सर्व्हरचा दोष आहे का? नाही. त्याने सांगितले तेच केले. म्हणून जाणकार लोक आधी एक उत्तीर्ण आणि एक अनुत्तीर्ण असे दोन खोटे निकाल घेतात व पत्रे स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून पाहतात. दोन्ही पत्रे बरोबर आली, की मगच खरी पत्रे पाठवतात.

मुलांनो, तुम्हीही उत्तरपत्रिका देण्यापूर्वी एकदा तपासता ना?

शब्दार्थ : अट – शर्त; पडताळणे – तपासून पाहणे; उत्तीर्ण – पास; धाडणे – पाठवणे.

स्वाध्याय
१. ‘==’ ऐवजी ‘=’ लिहिल्यामुळे मुलीचे काय नुकसान होईल?
२. जाणकार लोक आधी पत्रे कोणाला पाठवतात? का?
३. ‘जर... तर... नाहीतर’ वापरून दोन वाक्ये लिहा.