पाळी गेली, दात जाऊ देऊ नका

ही एका घरची गोष्ट आहे. असे घर तुमच्याही गावात असेल.

घरात सासू होती, सून होती. दोघींचे बरे चालले होते. सासूबाईंना पन्नासावे वर्ष लागले होते. त्यांची पाळी दोन वर्षांमागे गेली होती. अलीकडे त्या जेवायला बसल्या की कुरकुर करायच्या.

"सूनबाई, आज पुन्हा कालवण तिखटजाळ केलंस!"

सून दुसऱ्या दिवशी तिखट निम्मे घाली. तरी तेच. एके दिवशी तिने तिखट घातलेच नाही. सासूबाईंनी एक घास घेतला आणि ताट सरकवले.

"माझ्या हातचं यांना गोडच लागत नाही," असे सुनेच्या मनाने घेतले. ती माहेरी जाऊन रडली. इकडे सासूबाई दुधात भाकरी कुस्करून खाऊ लागल्या. पुढे तीही अर्धी टाकू लागल्या. अंगाने वाळल्या. दोघींचे बोलणे तुटले.

एकदा बाळाच्या लसीचे सांगायला आशाताई घरी आल्या. सून म्हणाली, "ताई, आमच्या आत्याबाई जेवत नाहीत. तुम्ही तरी विचारा."

सासूबाई म्हणाल्या, "काय खाऊ बाई? तोंडाची नुसती आग होते. जिभेला चटका बसल्यागत वाटतं. रात्री तोंडाला कोरड पडते. दोन दाढा हलतात."

"मग मावशी, इतके दिवस बोलला का नाही?"

"त्यात काय बोलायचं? पाळी गेली, आता दात जायचे. म्हातारपण आलं."

आशाताई म्हणाल्या, "असं नसतं, मावशी. दात वयानं पडत नाहीत, रोगानं पडतात. आणि रोगाला इलाज असतो. उद्या तालुक्याला जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी काय सांगितले?

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सासूबाईंचे तोंड पाहिले. मग दोघींना समोर बसवून नीट समजावून सांगितले.

बाईच्या पोटात दोन बीजकोश असतात. ते एक रस रक्तात सोडतात. त्या रसाला इस्ट्रोजेन म्हणतात. साधारण ४५ ते ५० या वयात तो रस फार कमी होतो. कोणाचा आधी होतो, कोणाचा नंतर. मग पाळी थांबते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे पाळी गेली असे समजतात. ऑपरेशन करून दोन्ही बीजकोश काढले, तर तरुण वयातही हा बदल एकदम होतो.

हा रस फक्त पाळीसाठी नसतो. हाडे, हिरड्या आणि तोंडातली ओल यांनाही त्याचा आधार असतो. तो आधार सुटला की तोंडात तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली गोष्ट लाळेची. माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. लाळ तोंड धुते. दातांना खाणारे आम्ल ती मारते. ओढा वाहतो तोवर घाण वाहून जाते. ओढा आटला की डबकी साचतात. तसेच तोंडाचे आहे. लाळ आटली की दात लवकर किडतात. घास गिळवत नाही. चव लागत नाही.

दुसरी गोष्ट हिरड्यांची. हिरड्या नाजूक होतात. दात घासताना रक्त येते. बाया घाबरून घासणे सोडतात. मग दातांच्या मुळाशी घाण साचते, हिरडी सुजते, दात उघडा पडतो.

तिसरी गोष्ट हाडाची. पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ होऊ लागतात. जबडाही हाडाचाच. हाड झिजले आणि वर हिरडीचा रोग झाला, म्हणजे दात हलू लागतो.

काही बायांच्या जिभेची आग होते. तोंडात जखम दिसत नाही, पण तिखट लावल्यागत पोळते. त्याची कारणे अनेक आहेत. रक्त कमी असले, मधुमेह असला, कवळी नीट बसत नसली, तरी तसे होते. कधी कारण सापडतही नाही. म्हणून तपासणी करावी लागते.

सून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिखट कालवणात नव्हतेच. आत्याबाईंच्या जिभेला ते लागत होते.

मशेरीचे काय?

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दात कशानं घासता?"

सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "मशेरीनं. दाढ दुखली की दिवसातून चारदा लावते. बरं वाटतं."

मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखू. ती लावली की थोडा वेळ बरे वाटते. पण रोग आत वाढतच जातो. मशेरीने हिरड्या दातापासून सुटतात. तोंडाचा कर्करोगही होतो. तंबाखू घातलेली दंतमंजने करायला आणि विकायला सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी कोण अडवणार? ती आपली आपणच सोडली पाहिजे.

एवढे करा

१. सकाळी आणि रात्री निजण्याआधी दात घासा. मऊ ब्रश घ्या. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्या. राख, कोळसा, विटेची पूड नको. त्यांनी दात झिजतात. घासताना रक्त आले तर घासणे सोडू नका. हलक्या हाताने घासा आणि डॉक्टरांना दाखवा.

२. दिवसभर घोट घोट पाणी प्या. जेवणानंतर साधी बडीशेप चावा, लाळ सुटेल. सुपारी नको. साखरेचा चहा पुन्हा पुन्हा नको.

३. मशेरी, तंबाखू, गुटखा बंद करा.

४. नाचणी, दूध, ताक, तीळ, पालेभाजी खा. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलीग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. ते हाडाला हवे. रोज चालणे ठेवा, अंगावर ऊन घ्या.

५. कवळी असेल तर रात्री काढा. धुवून स्वच्छ पाण्यात ठेवा.

६. कोणत्या गोळ्या घेता ते डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. हाडे ठिसूळ झाली म्हणून औषध किंवा इंजेक्शन चालू असेल, तर दात काढण्यापूर्वी ते जरूर सांगा.

७. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड नीट उघडेना, तर एक दिवसही थांबू नका. दवाखाना गाठा.

पुढे काय झाले?

सासूबाईंचे रक्त तपासले. ते कमी निघाले. त्यांना गोळ्या सुरू झाल्या. एक दाढ काढावी लागली. ती फारच हलत होती. डॉक्टरीणबाईंनी हिरड्या साफ केल्या, दोन किडलेले दात भरले. ते वाचले. "सहा महिने आधी आला असता, तर दाढही वाचली असती," असे त्या म्हणाल्या.

मशेरी सोडणे सोपे गेले नाही. दोनदा सुटली, दोनदा पुन्हा लागली. तिसऱ्यांदा सासूबाईंनी मशेरीचा डबा स्वतः उकिरड्यावर टाकला. सुनेने तोवर त्यांचे कालवण वेगळे काढायचे, मग घरच्यांसाठी तिखट घालायचे, असे ठरवले. आग एका दिवसात गेली नाही. हळूहळू कमी झाली.

एक म्हण आहे: दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. जन्मभर राबून बाईच्या वाट्याला चार सुखाचे घास येतात, ते याच वयात. ते खायला दात नकोत का?

सासूबाई आता भाकरी मोडून खातात. शेजारणींना सांगतात, "मी तोंड मिटून बसले, म्हणून दाढ गेली. तुम्ही बोला. निदान घरात तरी बोला."

सांगा पाहू

१. सासूबाईंना कालवण तिखट का लागत होते?
२. लाळ कोणकोणती कामे करते?
३. मशेरीने बरे वाटते, तरी ती वाईट का?
४. तुमच्या घरात पाळी गेलेली बाई आहे का? तिला भाकरी नीट चावता येते का, ते आज विचारा.