जनक प्रक्रियेचा शोध

कुंभकोणमजवळ, कावेरीच्या उजव्या वळशावरून ज्यास नाव पडले त्या तिरुवलंचुळी गावाहून तंजावर फारसे दूर नाही. तेथील बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविलेला मराठी शिलालेख आहे. त्यात भोसले कुळाची हकीकत पित्याकडून पुत्राकडे उतरत येते. संगणकात चालू असलेल्या कामांचीही अशीच वंशावळ असते. मात्र ती उलट, पुत्राकडून पित्याकडे वाचावी लागते.

चालू असलेल्या आज्ञावलीस ‘प्रक्रिया’ म्हणतात. संचालन प्रणाली प्रत्येक प्रक्रियेस क्रमांक देते व जिने तिला जन्म दिला त्या जनक प्रक्रियेचा क्रमांकही नोंदून ठेवते. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने घडविलेली ‘बॉस’ ही लिनक्स कुळातील प्रणाली पाहा. तीत प्रक्रियेस स्वतःचा जनक जाणावयाचा असल्यास ‘गेटपीपीआयडी’ ही एकच विनंती पुरते. दुसऱ्या प्रक्रियेचा जनक हवा असेल, तर ‘प्रॉक’मध्ये तिच्या क्रमांकाचे दालन उघडून ‘स्टॅट’ ही नोंद वाचावी. पहिले पद तिचा क्रमांक, दुसरे कंसातील नाव, तिसरे अवस्था आणि चौथे जनकाचा क्रमांक. येथे पुष्कळांची फसगत होते. नावात मोकळी जागा, इतकेच नव्हे तर कंसही असू शकतो. नुसत्या जागा मोजून चौथे पद उचलल्यास भलताच आकडा हाती येतो. म्हणून ओळीतील शेवटचा बंद कंस शोधून त्यापुढील दुसरे पद घ्यावे.

विंडोजमध्ये वाट थोडी आडवळणाची आहे. ‘क्रिएटटूलहेल्प३२स्नॅपशॉट’द्वारे सर्व प्रक्रियांची त्या क्षणीची यादी मागवावी, तीत इष्ट क्रमांक गाठावा आणि त्याच नोंदीतील जनकाचा क्रमांक टिपावा.

खरी अडचण यापुढे आहे. लिनक्समध्ये जनक संपला, तर पोरक्या प्रक्रियेस दुसरा पालक, बहुधा क्रमांक १ ची आद्य प्रक्रिया, लाभतो व नोंदही तशी बदलते. विंडोजमध्ये जुनीच नोंद राहते, आणि संपलेल्या जनकाचा क्रमांक पुढे तिऱ्हाईत प्रक्रियेस मिळू शकतो. तिलाच जनक समजून बंद केले, तर कोणाचे तरी न साठविलेले लेखन क्षणात नाहीसे होते. यास्तव दोघांच्या जन्मवेळा ताडून पाहाव्या. जनक म्हणून सापडलेली प्रक्रिया पुत्रानंतर जन्मलेली असेल, तर ती जनक नव्हे. तपासणी चालू असता तिचे ‘हँडल’ उघडे ठेवावे. ते उघडे असेतोवर तो क्रमांक दुसऱ्या कोणास दिला जात नाही.